दोन-दोन शब्द

"ही ओळ तीनदा आलीय," डॉक्टर जामगावकर म्हणाले आणि प्रुफांची भेंडोळी त्यांनी दगडावर आपटली. "लागोपाठ तीनदा! आणि पुढचा अख्खा परिच्छेद गायब. हा छापखाना आहे अप्पा, की गुत्ता?"

दगड म्हणजे जुळवलेली पानं ज्याच्यावर बांधतात ती मोठी सपाट फरशी. तिच्या पलीकडे अप्पा उभे होते, प्रेसचे मालक. कपाळाला विभूती, बोलायला मऊ. त्यांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. मशीनवरच्या इरण्णानं ट्रेडल थांबवलं. सोलापुरात साखर पेठेतल्या त्या प्रेसमध्ये ट्रेडल मधेच थांबलं की समजायचं, भांडण ऐकण्यासारखं आहे.

"कोणी जुळवलंय हे?"

विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे रीत होती. हस्तलिखिताचा कागद ज्यानं जुळवला त्यानं कोपऱ्यात पेन्सिलीनं आपली खूण करायची. प्रकरण आठच्या अकराच्या अकरा कागदांवर 'द' होता. द म्हणजे दस्तगीर, आम्हा सगळ्यांचा चाचा.

"मी जुळवलंय साहेब," चाचा केसकडून, म्हणजे अक्षरांचे शिशाचे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीकडून, वळला आणि म्हणाला. हातात स्टिक, ओळ जुळवायची पट्टी, तशीच होती, अर्धी भरलेली.

"काय पिऊन जुळवलंस?"

इरण्णा फिसकन हसला.

"पाच वक्तची नमाज आहे माझी," चाचा म्हणाला. "पानसुद्धा खात नाही."

"नमाजेचं कोण विचारतंय? शुद्धीवर असलेला माणूस एक ओळ तीनदा जुळवत नाही. नर्सिंगच्या मुली हे पुस्तक वाचून परीक्षेला बसणार आहेत. त्यांनी काय लिहायचं, तीनदा?"

डॉक्टर चाळिशीचे असतील. चाचा चोपन्न वर्षांचा. तरी डॉक्टर 'तू' म्हणत होते आणि चाचा 'साहेब'. हे मला तेव्हाही टोचलं, आजही टोचतं. चौऱ्याऐंशी साल होतं. मी बावीसचा होतो, सातवी नापास, आणि चाचाच्या हाताखाली कंपोझिटर. मराठी मी शाळेत शिकलो नाही. चाचाच्या डाव्या बाजूला उभा राहून, खिळे उचलत शिकलो. ऱ्हस्व काय, दीर्घ काय, वाक्य कुठं मोडायचं, सगळं त्या मुसलमान माणसानं मला शिकवलं, आणि शिकवताना एकदाही माझी जात विचारली नाही. त्याला माहीत होती.

अप्पा शेवटी बोलले. "चाचा, तीस वर्षं झाली तुला इथं. मी खोटं बोलणार नाही. दोनतीन महिने झाले, तुझ्या कामात फरक पडलाय. घेत असशील तर सांग. घरी काय असंल तर सांग."

"काही नाही अप्पा."

"बरं. नसू दे. आठ दिवस तू पुस्तकाला हात लावू नको. लग्नपत्रिका कर. आठ दिवसांत लायनीवर ये, मग बघू." मग डॉक्टरांकडे वळून, "हे प्रकरण गुणाजी करील. पोरगा बरा आहे."

गुणाजी म्हणजे मी. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, जसं टेबलखुर्चीकडे बघतात तसं, आणि हातरुमाल काढून बोटाची शाई पुसायला लागले.

भांडण तिथंच संपलं होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी तोंड उघडलं नसतं तर ते तिथंच संपलं होतं.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी एसटी स्टँडच्या वळणावर चाचा सायकलवरून पडला. दुभाजकाच्या दगडावर कपाळ आपटलं, डाव्या भुवईच्या वर. सात टाके. दहा दिवसांनी कामावर आला तेव्हा बोलणं तेच, चाल तीच, थट्टा तीच. मी म्हटलं, "चाचा, बरं वाटालंय का?" तर म्हणाला, "तुझ्यासारख्या गाढवाला सोडून वर कसं जाऊ बे?"

पण कामात काहीतरी बिनसलं होतं. कंपोझिटर काम कसं करतो सांगतो. समोर कागद टेकवलेला असतो. त्याच्यावरून एका नजरेत आठ-दहा शब्द उचलायचे, डोक्यात धरायचे, आणि मग कागदाकडे न बघता एकेक खिळा केसमधून वेचून स्टिकमध्ये लावायचा. चाचा पडायच्या आधी एका नजरेत दोन ओळी उचलायचा. मधे इरण्णाला शिवी देऊन पुन्हा बरोबर त्याच शब्दावर यायचा. आणि आता? एक शब्द लावायचा, कागद बघायचा. पुन्हा एक शब्द, पुन्हा कागद. ट्रेडल खडखडलं की थांबायचा. कोणी हाक मारली की कुठं होतो तेच विसरायचा, आणि लावलेली ओळ परत लावायचा.

"गुण्या," एकदा तो हळूच म्हणाला, "शब्द सांडालेत बे. उचलतो, आणि केसपर्यंत हात जाईस्तोवर सांडतात."

विसराळू झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. चार केसांत मिळून साडेतीनशेच्या वर खण. 'क्ष' कुठं, 'ज्ञ' कुठं, डोळे मिटून बोट ठेवायचा. त्याच्या वडिलांनी रझाकाराच्या वेळी कुठल्या गाडीनं गुलबर्गा सोडलं ते सांगायचा, गाडी किती वाजता सुटली ते सांगायचा. आणि मी आत्ता काय म्हणालो, ते त्याला मधेच कोणी खोकलं तर सांगता यायचं नाही.

ह्याचा उलगडा मला कुठं झाला? डॉक्टर जामगावकरांच्याच पुस्तकात. मेंदूवरचं पुस्तक, मराठीत, परिचारिकांसाठी. मी तर हस्तलिखित आलं की आधी रात्री घरी नेऊन वाचायचो, फुकटची शाळा होती ती माझी. प्रकरण आठ, कार्यरत स्मृती. त्यात लिहिलं होतं की जुनं सगळं साठवून ठेवणं हे एक काम, आणि हातातलं काम होईपर्यंत चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं हे वेगळंच काम. दुसऱ्या कामाला कपाळामागचा मेंदू लागतो. तो दुखावला की माणूस हुशार राहतो, बोलतो, जुनं आठवतो, पण धरलेलं सुटतं, आणि मधे जरा विघ्न आलं की पार जातं. एका माकडाचा प्रयोग होता. दोन वाट्या, एकीखाली शेंगदाणा, माकडाच्या डोळ्यांदेखत ठेवलेला. मग मधे पडदा सोडायचा. धड माकड पडदा उठल्यावर बरोबर वाटी उचलतं. कपाळामागचा भाग काढलेलं माकड दोन्ही वाट्यांकडे बघत बसतं.

मी ते दोनदा वाचलं. मनात म्हटलं, केस आणि स्टिक! केसमध्ये हजारो खिळे, ते जागच्या जागी. स्टिकमध्ये मावते फक्त हातातली ओळ. चाचाची केस शाबूत होती. स्टिक मोडली होती.

त्याच प्रकरणात पुढं होतं की कानावर पडलेले शब्द क्षणभर मेंदूच्या मागच्या बाजूला, डाव्या कानाच्या वरच्या भागात टिकतात. थोडे असले तर पुढच्या भागाला फार राबवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझी केस चाचाच्या केसला जवळजवळ चिकटवली आणि माझं जुळवता जुळवता त्याचा कागद हळू आवाजात वाचायला लागलो. चार शब्द वाचले.

"चार नको," तो म्हणाला. "दोन दे."

दोन दिले. हात असा पळाला! पहिल्यासारखा.

"मेंदूचे दोन," मी म्हणायचो. खिळे टकटक. "गोलार्ध असतात." टकटक. तोंडानं तो तेच पुटपुटायचा. दोन-दोन शब्दांनी पाच प्रकरणं निघाली. एक चूक नाही. माझं काम निम्म्यावर आलं, अप्पा मला बोलले, मी ऐकून घेतलं. इरण्णा म्हणायचा, "काय बे, भटजी मंगळाष्टका सांगालाय का?" आम्ही दोघं हसायचो. चाचा म्हणायचा, "आपल्यात राहू दे गुण्या. ह्या केसपुढं उभा राहून मरायचंय मला. बसून नाही."

मग लग्नसराई आली. अप्पांनी मला चार दिवस पुढच्या खोलीत पत्रिकांवर बसवलं. चाचा मागं एकटा राहिला, ट्रेडलशेजारी. आणि त्या चार दिवसांत त्यानं जुळवलं नेमकं प्रकरण आठ.

तर त्या दिवशी, भांडण संपल्यावर, डॉक्टर बोट पुसत होते आणि चाचा मान खाली घालून केसकडे वळत होता, तेव्हा मी बोललो.

"डॉक्टर, तुम्ही तुमचं प्रकरण आठ वाचलंय का?"

डॉक्टरांचा रुमाल बोटावरच थांबला.

"काय?"

"नाही, तुम्ही लिहिलंय. मी विचारतो वाचलंय का. ह्यांच्या कपाळावर बघा. सात टाके. डाव्या बाजूला. तुमच्या हस्तलिखिताच्या सहाव्या कागदावर काय आहे? धरलेलं सुटतं, विघ्न आलं की पार जातं. दारूचा वास घ्यायला निघालात. समोर जखम दिसत असून दिसली नाही?"

"गुण्या," चाचा म्हणाला.

"थांबा चाचा."

"अप्पा, हा कोण मुलगा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी सातवी नापास आहे," मी म्हणालो. "पण तुमचं पुस्तक मी जुळवलंय. एकेक अक्षर. तुम्ही कधी वाचलं नसेल इतक्या सावकाश."

हे वाक्य बोलताना मला जे वाटलं ते लपवत नाही. मला गोड वाटलं. तोपर्यंतच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड वाक्य होतं ते माझं.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि चाचाच्या कपाळाकडे बघितलं. पहिल्यांदाच. "बेशुद्ध पडला होता का?" त्यांनी मला विचारलं. चाचाला नाही.

"मी दाखवतो ना," मी म्हणालो.

अप्पांनी हात वर केला, "गुणाजी, पुरे." पण मला थांबायचं नव्हतं. मी चाचाच्या हातातली स्टिक काढून दगडावर ठेवली.

"चाचा, 'द्ध' कुठल्या खणात?"

"काय करालास बे?"

"सांगा की."

त्यानं न बघता बोट ठेवलं. "क्ष?" ठेवलं. "प्रेसमध्ये कधी लागलात?" "चोपन साल, रमजानच्या आधी तीन दिवस. अप्पांचे वडील होते." सगळं बरोबर.

"आता ही ओळ वाचा." मी प्रुफावरची तीनदा आलेली ओळच त्याच्यापुढं धरली. ती माकडाची ओळ होती. चाचानं मोठ्यानं वाचली, स्वच्छ, एकेक उच्चार खणखणीत. "पडदा उठल्यावर माकड दोन्ही वाट्यांकडे पाहत राहते."

मी प्रूफ उलटं केलं. "तुमच्या नातवंडांची नावं सांगा. मोठ्यापासून."

"रफिक. शबाना. इलियास. आणि ती धाकटी, मुमताज."

"आता ओळ सांगा. आत्ता वाचली ती."

चाचा माझ्याकडे बघत राहिला. मग दगडाकडे. मग दगडावरच्या उलट्या प्रुफाकडे, मग स्टिककडे. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"कुठली ओळ बे?" तो म्हणाला.

इरण्णाला ओळ ऐकू गेली होती. तो हसत म्हणाला, "आयला, माकडच झालं की!"

मी इरण्णाला मारायला धावलो नाही. मी डॉक्टरांकडे बघितलं. जिंकलेल्या माणसासारखा.

डॉक्टरांचा चेहरा उजळला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं, चाचाच्या डोळ्यांपुढं फिरवलं. आकडे सांगितले, ते उलटे म्हणायला लावले. पाच आकडे सरळ म्हटले त्यानं, उलटे तीनसुद्धा जमेनात. "उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "अप्पा, हा अगदी पुस्तकातला रुग्ण आहे. इतका स्वच्छ मी पाहिला नव्हता. रविवारी कॉलेजात पाठवा याला. विद्यार्थ्यांना दाखवू." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हुशार आहेस रे. कुठं शिकलास?"

"डॉक्टर," अप्पांनी विचारलं, "हे बरं होईल का?"

"तीन महिने झाले म्हणता? थोडंफार सुधारेल. पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही."

अप्पांनी विभूतीच्या खाली बोटं फिरवली. "दारू असती," ते म्हणाले, "तर आठ दिवसांत सुटली असती. नाहीतर सोडायला लावली असती. आता हे… चाचा, तू सांग. मी काय करू? पुस्तकांवर ठेवू? पत्रिकेत मुलीचं नाव चुकलं तर लोक प्रेस जाळतील."

पत्रिकांचा मजकूर चाचाला झोपेत पाठ होता. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तो एका दमात लावायचा, तिथं काही धरून ठेवावं लागतच नव्हतं, हात आपणच पळायचा. नावांपुरतं कोणी वाचून दाखवलं असतं की झालं. हे मला माहीत होतं. तिथं एवढी माणसं होती, आणि हे माहीत असलेला मी एकटा होतो.

चाचा खुंटीपाशी गेला. त्यानं अंगातला शाईचा सदरा काढला, घडी केली, खुंटीवर न ठेवता पिशवीत घातला.

"उद्यापासून चाचाची मोठी केस तू घे, गुणाजी," अप्पा म्हणाले. खालच्या आवाजात.

"बरं," मी म्हणालो.

इरण्णानं ट्रेडल सुरू केलं.

मागच्या अंगणात नळ होता. चाचा रॉकेलचा बोळा घेऊन बोटं घासत होता. शिशाचा काळेपणा साबणानं जात नाही. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, तो शाबासकी देईल. निदान म्हणेल की दारुडा हा डाग तरी पुसलास बे. मी तेच सांगायला तोंड उघडलं. "चाचा, निदान आता कोणी दारुडा म्हणणार नाही."

"म्हणू दिलं असतंस," तो म्हणाला. रागात नाही. "दारुड्याला आठ दिवस मिळाले होते."

नळाचं पाणी त्याच्या हातांवरून काळं होऊन वाहत होतं.

"गुण्या, तू मला वाचून दाखवायचास."

"हां."

"दोन-दोन शब्द."

"हां चाचा."

"पाच प्रकरणं निघाली. चूक निघाली का एक?"

"नाही."

"मला काय जमत नाही ते सगळं दाखवलंस बे त्यांना." त्यानं नळ बंद केला आणि माझ्याकडे वळला. "हे जमतं, ते का नाही सांगितलंस?"

तेवढ्यात गल्लीतून कागदाचा टेम्पो मागं मागं येत अंगणात शिरला. क्लीनर पत्रा बडवत ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" चाचाची सायकल मधे होती. तो धावत गेला, सायकल उचलून भिंतीला लावली, ड्रायव्हरला हातानं खुणा करून टेम्पो बरोबर दारापर्यंत आणला, क्लीनरला म्हणाला, "डोळे मागं ठेव की, आंधळ्या!" आणि ओल्या हातांनी परत आला.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. खरं उत्तर. मला डॉक्टरला हरवायचं होतं, आणि त्याला हरवायला तुम्ही मोडलेले असणं गरजेचं होतं. दोन-दोन शब्द वाचले की तुमचा हात चालतो, हे सांगितलं असतं तर माझा मुद्दा पातळ झाला असता. चला आत, मी अप्पांना आत्ता सांगतो. एवढंच बोलायचं होतं. आणि मग मोठी केस त्याची त्याला परत द्यायची होती.

गेली पस्तीस वर्षं मी लिहितोय. आमदाराला नावानं शिव्या घातल्यात, साहित्य संमेलनाच्या मांडवात अध्यक्षाला खोटारडा म्हणालोय, दोनदा मार खाल्लाय. लोक म्हणतात गुणाजी शिवशरण कुणाच्या बापाला भीत नाही. म्हणू देत.

चाचा माझ्यासमोर उभा राहिला. कपाळावर आठ्या, त्या टाक्यांच्या रेघेपाशी येऊन थांबलेल्या. तो काहीतरी शोधत होता.

"काय विचारालतो बे मी तुला?"

टेम्पोचं इंजिन बंद झालं होतं. सगळं नीट ऐकू येत होतं.

"काही नाही चाचा," मी म्हणालो. "चहा घेणार का, म्हणत होता तुम्ही."

"मग चल की," चाचा म्हणाला, "उभा का राहिलास?"